पहिल्या ओळीत काय लिहायचं?

मंडळी, दहावीचा निकाल लागला की आमच्या पिंपळगावात कांद्याच्या भावाइतकीच चर्चा अकरावीच्या प्रवेशाची चालते. नाशिकसारख्या मोठ्या शहरांपुरती असलेली ऑनलाइन प्रवेशपद्धत २०२५ साली राज्यभर लागू झाली, आणि गावच्या कॉलेजात अर्ज देऊन मोकळे होणारे आपण सायबर कॅफेच्या दारात जाऊन उभे राहिलो.

अर्जाचे भाग दोन. पहिल्यात नाव, गुण, आरक्षण. दाखले हाताशी असले की ते काम उरकतं. धडधड होते ती दुसऱ्या भागात. २०२५ साली तिथे दहापर्यंत कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरता येत होती. ‘नाशिकचं मोठं कॉलेज वर लिहिलं आणि हुकलं, तर गावचंही जाईल’, ही भीती मी कितीदा ऐकली! तसं होत नाही. जागा गुणांवर मिळते; पहिलं हुकलं तरी दुसऱ्यावरचा हक्क तेवढाच राहतो.

मात्र पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर ते घ्यावंच लागे. नाकारलं की पुढच्या नियमित फेऱ्या बंद. खालचं मिळालं तर थांबता येई.

म्हणून रोजची एसटी, संध्याकाळी घरी पोचायची वेळ, हे बोलणं ती ओळ लिहिण्याआधी व्हावं, आणि मुलीसमोर व्हावं. मुलींच्या मोफत पासात आपण बसतो का, तेही आगारात विचारावं. नुसत्या काळजीपोटी तिचं कॉलेज खाली ढकलू नये.

आणि हो, अर्जात मोबाइल नंबर घरचाच द्या, कॅफेवाल्याचा नको.