अक्षीच्या दगडावर ‘स्पष्ट’ काय लिहिलंय?

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की अक्षीच्या शिलालेखाचे फोटो फिरू लागतात. अलिबागहून नागावला जाताना लागणारं हे गाव. फोटोखालचं वाक्य ठरलेलं असतं : मराठीतला पहिला शिलालेख, त्यावर शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, स्पष्ट कोरलंय. पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा तो दगड डोळ्यांनी पाहावा. इतके पावसाळे आणि खारा वारा सोसलेली अक्षरं ती! ‘स्पष्ट’ हा शब्द सुचतो तरी कसा?

९३४ हे वाचन कोरीव लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांचं. शकापाठोपाठ दगडावर संवत्सराचं नाव येतं, ते त्यांनी ‘प्रधावी’ असं वाचलं. साठ संवत्सरांत प्रधावी नावाचं कुणीच नाही. सेहेचाळिसावं आहे ते परिधावी. पण कोरणाऱ्यानं महालक्ष्मीची ‘महालषुमी’ आणि पश्चिमेचं ‘पसीम’ करून ठेवलंय, त्याच्या हातून परिधावीचं प्रधावी झालं तर नवल नाही. पडताळा घरच्या घरी घेता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. ९३४ आणि १२ मिळून ९४६, बाकी ४६. बरोबर परिधावी.

मग वाद कसला? लेखातल्या राजाचं नाव केसीदेवराय, आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांत केशिदेव दोन झाले. पहिला अरिकेसरी ऊर्फ केशिदेव. त्याचा ठाण्याचा ताम्रपट शके ९३९ चा. दुसरा तेराव्या शतकातला. त्याचा भिवंडीकडचा चौधरपाड्याचा लेख शके ११६१ चा. अक्षीचा राजा स्वतःला कोकणचक्रवर्ती म्हणवतो. ठाण्याच्या ताम्रपटातला अरिकेसरी मात्र नुसता महामंडलेश्वर आहे. चक्रवर्तीपद मिरवणारा त्याच घराण्यातला अपरादित्य भेटतो तो परळच्या शके ११०८ च्या लेखात. म्हणून काही अभ्यासक अक्षीचा लेख दुसऱ्या केशिदेवाकडे देतात आणि आकडेही निराळे लावतात. त्यांचीही वाट सोपी नाही. परिधावी शके १११४ ला येतं, ते पुन्हा ११७४ लाच. संवत्सर तेच असेल तर दुसरा केशिदेव बसवणं अवघड, आणि ते तसं नसेल तर ९३४ चा मोठा आधार गेला. तीन झिजलेल्या अक्षरांवर दोनशे वर्षं अडून बसली आहेत!

माझा कल ९३४ कडेच आहे, कारण गणित जुळतं. पण कल म्हणजे निकाल नव्हे. १०१२ नाकारलं तर पहिलेपणाचा मान सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या शके ९४० च्या लेखाकडे जातो. तिथं संवत्सर काळयुक्त आहे, आणि तेही हिशेबात बसतं.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू. श्रवणबेळगोळची चामुंडरायाची ओळ हाच पहिला मराठी लेख, असंही सांगतात, पण तिला स्वतःची तारीखच कोरलेली नाही, आणि शेजारची गंगराजाची ओळ बाराव्या शतकातली आहे. अक्षीची लिपी मोडी नाही, देवनागरी आहे. ‘पहिला शिलालेख’ म्हणजे मराठीचा जन्मदिवस नव्हे. लोक बोलत असतात तेव्हाच कुणीतरी कोरतं.

आणि दगडावरचा तो गाढव नि बाईचा देखावा, म्हणजे गधेगाळ. कुणा बाईला दिलेल्या शिक्षेची ही नोंद, असं अजूनही छातीठोकपणे सांगतात. ती दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी आहे, त्याच्या आईवरून. परळच्या लेखात तीच शिवी मराठी शब्दांत आहे, इथं छापण्यासारखी नाही. गधेगाळीचा पुरलेल्या धनाशीही संबंध नाही, तेव्हा पहार घेऊन जाण्यात अर्थ नाही.

जायचं तर सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा. तिरप्या उजेडात अक्षरं उठून दिसतात. फोटो नीट यावा म्हणून त्यांत खडू किंवा चुना मात्र भरू नका. तुम्ही भराल ते तुमचं वाचन असेल, आणि पुढचा माणूस तेच दगडावरचं समजून वाचेल.