फळमाशी : प्रतिकारशक्ती आणि वाढ

ग्वाल्हेरच्या बाजारात पिकल्या केळ्यांवर घोंघावणारे चिलट म्हणजेच ड्रॉसोफिला ही फळमाशी. तिच्या शरीरात मेदपिंड हा एकच अवयव चरबी साठवतो आणि जंतुनाशक प्रथिनेही बनवतो. कोठार आणि शस्त्रागार एकाच छताखाली! 'टोल' या संदेशमार्गाचा प्रतिकारशक्तीशी संबंध १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवला (नोबेल, २०११). पुढे २००९ मध्ये आढळले की अळीच्या मेदपिंडात हा मार्ग जनुकीय उपायाने, प्रत्यक्ष संसर्गाविना, चालू ठेवला तरी इन्शुलिनचा संदेश क्षीण होतो, मेदसाठा घटतो व वाढ खुंटते. म्हणजे वाढ खुंटण्यास जंतूंनी केलेली हानीच कारण असते असे नव्हे. प्रतिकाराचीही किंमत मोजावी लागते. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांच्या खुंटलेल्या वाढीचा विचार करताना हे सूत्र उपयोगी वाटते, मात्र माशीवरून माणसाविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. आपण वर्गात पोषण आणि प्रतिकारशक्ती ही प्रकरणे वेगवेगळी शिकवतो, ती जोडून शिकवावीत.