प्राणिकथांच्या आधारे प्रारंभिक इंग्रजी वाचन : मावळ व लोणावळा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू करण्यात आला. तत्पूर्वी तो पाचवीपासून शिकविला जात असे. सहा वर्षांच्या बालकाला मातृभाषेच्या वाचनाबरोबरच दुसऱ्या लिपीचेही वाचन शिकविण्याची जबाबदारी त्यामुळे प्राथमिक शिक्षकावर आली. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात या जबाबदारीचे स्वरूप गावागणिक बदलते. लोणावळ्यासारख्या पर्यटनस्थळी दुकानांच्या व हॉटेलांच्या पाट्यांवर इंग्रजी अक्षरे बालकाच्या नित्य दृष्टीस पडतात. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळातील वाड्यावस्त्यांवर मात्र इंग्रजी बहुधा शाळेतच भेटते. ठाकर व कातकरी कुटुंबांतील मुलांना तर शाळेतील प्रमाण मराठीही काहीशी परकी असते. अशा बालकांच्या प्रारंभिक इंग्रजी वाचनासाठी बोलक्या प्राण्यांच्या कल्पित कथा कितपत उपयुक्त ठरतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्राणिकथांचा वारसा :
बोलणारे प्राणी मराठी बालकास नवे नाहीत. काऊ-चिऊची व म्हातारीच्या भोपळ्याची गोष्ट त्याने घरी ऐकलेली असते. पंचतंत्रातील कथा पहलवी व अरबी भाषांतून युरोपात गेल्या आणि सन १५७० मध्ये सर टॉमस नॉर्थ यांच्या भाषांतराने इंग्रजीत आल्या. उलट दिशेने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापच्या कथा मराठीत आणल्या. सारांश, या दोन भाषांमधील देवाणघेवाणीत प्राणिकथेला जुने स्थान आहे. कथा आधीच ठाऊक असल्यास अर्थ समजून घेण्याचा भार हलका होतो आणि बालकाचे लक्ष अक्षरांकडे वळविता येते.

लिपिभेदाची अडचण :
देवनागरीत अक्षराचे नाव व उच्चार एकच असतो. ‘क’ हे नावही आहे आणि ध्वनीही. इंग्रजीत तसे नाही. ‘सी-ए-टी’ असे कितीही वेळा घोकले तरी त्यातून ‘कॅट’ हा उच्चार निष्पन्न होत नाही. शिवाय देवनागरीत स्वर मात्रेच्या रूपाने व्यंजनास चिकटतो, तर इंग्रजीत तो स्वतंत्र अक्षर म्हणून उभा राहतो. ‘कॅ’ हे बालकाच्या दृष्टीने एक अक्षर, तर इंग्रजीत दोन. हा भेद स्पष्ट न केल्यास बालक संपूर्ण पाठ मुखोद्गत करते व चित्राकडे पाहून तो म्हणून दाखविते. ऐकणाऱ्यास ते वाचनच वाटते. तिसरी-चौथीत चित्रे कमी होतात, मजकूर वाढतो आणि मग उणीव उघडी पडते.

प्राण्यांची निवड :
या ठिकाणी प्राणिनामांचा विशेष उपयोग होतो. कॅट, रॅट, हेन, पिग, डॉग, फॉक्स, फ्रॉग, क्रॅब या शब्दांतील अक्षरे आपापल्या नेहमीच्या ध्वनीनेच उच्चारली जातात. यातील ‘ॲ’ व ‘ऑ’ या स्वरांसाठी मराठीत चिन्हे रूढ असल्याने त्यांची ओळखही सुलभ होते. याउलट लायन, मंकी, एलिफंट, बेअर या शब्दांचे लेखन नवशिक्यास चकविणारे आहे. म्हणून सिंह व ससा यांची कथा श्रवणासाठी उत्तम असली तरी प्रथम वाचनासाठी योग्य नाही. बगळा व खेकडा यांची कथा त्या दृष्टीने अधिक सोयीची होय. पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधांवर खेकडे शोधणाऱ्या मावळातील मुलांना हे पात्र पूर्ण परिचयाचे असते. ‘क्रॅब’, ‘फिश’, ‘पॉण्ड’, ‘रॉक’, ‘बिग’ एवढ्या शब्दांत कथेचा बराच भाग मांडता येतो. बगळ्याचे इंग्रजी नाव व अन्य कठीण शब्द शिक्षकाने स्वतः वाचावेत.

अध्यापनाचा क्रम :
प्रथम कथा मराठीत, व शक्य तेथे मुलांच्या बोलीत, सांगावी. नंतर तीच चित्रांसह सोप्या इंग्रजीत ऐकवावी. तिसऱ्या पायरीवर निवडक शब्दांतील ध्वनी सुटे करून अक्षरपत्त्यांनी ते पुन्हा जुळवून घ्यावेत. त्यानंतर लहान वाक्यांचे वाचन घ्यावे. पाचवी पायरी पडताळणीची असून तीच बहुधा वगळली जाते. चित्र झाकून, ओळखीच्या शब्दांचे परंतु पूर्वी न पाहिलेले वाक्य बालकापुढे ठेवावे.

कल्पित कथेचे खरे सामर्थ्य येथे दिसून येते. वास्तव पाठात कुत्रा भुंकणार, कोंबडी अंडे देणार, हे बालक तर्काने सांगू शकते. कल्पित कथेत मात्र काहीही घडू शकते. ‘द पिग हॅज अ हॅट’ किंवा ‘द फिश इज ऑन द क्रॅब’ हे वाक्य अंदाजाने सांगता येत नाही. त्यासाठी अक्षरेच वाचावी लागतात. वाचता वाचता मूल हसले, तर उच्चाराबरोबर अर्थही त्यास उमगला, हे वेगळ्या परीक्षेविना कळते.

मर्यादा व साधने :
कथा अक्षरज्ञानाचे कार्य स्वतः करीत नाही. केवळ गोष्टी ऐकवून वाचन येईल ही अपेक्षा निराधार आहे. तसेच सर्प, बिबट्या हे मावळात खरोखर भेटणारे प्राणी असल्याने कथेतील मित्र व रानातील प्राणी यांतील भेद मुलांस सांगणे आवश्यक आहे. साधनांसाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. पंचतंत्राच्या मूळ कथेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसल्याने शिक्षकास पुठ्ठ्यावर स्वतःच्या वाक्यांत कथा लिहिता येते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीवर’ या संकेतस्थळावरही मराठी व इंग्रजी बालकथा मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत.

निष्कर्ष :
प्राणिकथा ही इंग्रजीच्या तासाची केवळ करमणूक नव्हे. परिचित कथा अर्थाचा आधार देते, योग्य प्राणिनामे अक्षर-ध्वनिसंबंध सुलभ करतात आणि अनपेक्षित वाक्य पाठांतर व वाचन यांतील फरक उघड करते. ज्या घरी इंग्रजीचा दुसरा कोणताही आधार नाही, तेथील बालकासाठी हा फरक पहिल्या दोन इयत्तांतच ओळखला जाणे अगत्याचे आहे.