थेंबाचे छायाचित्र : निरीक्षणाचा एक पाठ

प्रस्तावना

पडणाऱ्या थेंबाचे चित्र काढण्यास सांगितले, तर आपल्यापैकी बहुतेक जण वर टोक आणि खाली गोलाई अशी आकृती काढतील. प्रत्यक्षात लहान थेंब पडताना पृष्ठताणामुळे जवळजवळ गोल असतो. रोजची वस्तूही आपण पाहतो त्यापेक्षा गृहीतच अधिक धरतो. अगदी जवळून टिपलेले, म्हणजे मॅक्रो छायाचित्र ही उणीव कशी दाखवून देते, ते या घटकात पाहू.

वेग आणि प्रकाश

आपण सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे, आपल्या घरी हा प्रयोग करीत आहात असे समजा. ५० सेंटिमीटर उंचीवरून सुटलेला थेंब सुमारे ०.३२ सेकंदात खाली पोहोचतो. त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. कॅमेऱ्याचे शटर १/२०० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात थेंब दीड सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात थेंबाऐवजी रेघ उमटते.

येथे फ्लॅश उपयोगी पडतो. त्याची शक्ती १/३२ किंवा १/६४ इतकी कमी केली, की प्रकाश मंद होतो आणि त्याचा कालावधीही घटतो. तो साधारण १/१०,००० सेकंद किंवा त्याहून कमी होतो. तेवढ्यात थेंब जेमतेम ०.३ मिलिमीटर सरकतो. खोलीतील उजेड मंद असेल, तर चित्रावर केवळ फ्लॅशचाच प्रकाश उमटतो. म्हणून हा क्षण गोठवण्याचे काम शटर करीत नाही, प्रकाश करतो.

मांडणी

पसरट भांडे पाण्याने काठोकाठ भरावे. वर सलाइनचा नवा, रिकामा संच पाणी भरून टांगावा. त्याच्या चाकाने थेंबांची लय साधता येते. थेंब पडतो त्या जागी पेन्सिल धरून फोकस हाताने पक्का करावा आणि पेन्सिल काढून घ्यावी. छिद्र एफ/११च्या आसपास ठेवावे, कारण इतक्या जवळून स्पष्टतेची खोली फार थोडी असते. फ्लॅश थेंबावर न रोखता मागील पांढऱ्या कागदावर रोखावा. पाणी पारदर्शक असल्याने मागून आलेल्या प्रकाशातच त्याच्या कडा उठून दिसतात. बहुतेक प्रयत्न चुकतील. मात्र अशा संचातून साधारण २० थेंबांना एक मिलिलिटर पाणी लागते. शंभर प्रयत्नांना पाच मिलिलिटर पुरतात, आणि तेही भांड्यातच राहतात. पर्जन्यछायेच्या प्रदेशातही हा अभ्यास महाग नाही.

डोळ्याने केलेली दुरुस्ती

आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच घटनेचा अभ्यास केला. अंधारात विजेची ठिणगी पाडून तो क्षणभर थेंब पाही आणि स्मरणाने चित्र काढी. पुढची अवस्था पाहण्यासाठी नवा थेंब सोडून ठिणगी किंचित उशिरा पाडली जाई. अनेक वर्षे त्याने सुबक, सममित मुकुट रेखाटले. १८९०च्या दशकात छायाचित्रे मिळू लागली, तेव्हा अनेक मुकुट वेडेवाकडे निघाले. वेडेवाकडे थेंब त्यालाही दिसले होते. पण ते बिघडलेले समजून त्याने बाजूस सारले होते. १९०८च्या ग्रंथात त्याने हे प्रांजळपणे मान्य केले. पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन याने फ्लॅशचे तंत्र विकसित केले. त्याने १९५७ मध्ये टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट जगप्रसिद्ध आहे.

सारांश

अल्पकाळ टिकणारा प्रकाश वेगवान घटना स्थिर करून दाखवतो. परंतु शंभर चित्रांतून एकच देखणे चित्र ठेवले, तर वर्दिंग्टनचीच चूक आपल्या हातून घडते. वर्णनपर लेखनातही हेच लक्षात ठेवावे : अपेक्षेत न बसणारा तपशील गाळण्यापूर्वी तो पुन्हा पाहावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. फ्लॅशची शक्ती कमी केल्याने चित्र अधिक रेखीव का येते?
२. नळाखालील भांड्यात पडणारे दहा थेंब पाहा आणि त्यांतील फरक दहा वाक्यांत लिहा.