नोटेला सातबारा नसतो

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मुळशीत बोलवायचं आणि विषय द्यायचा 'कॅसिनोला जाताना जवळची रोकड कशी सांभाळावी'. पत्रिका वाचून काहीजण हसले असतील. पण विषय मला पटला. 'जाऊ नका' असं सांगणारे पुष्कळ असतात आणि जाणारे तरीही जातात. तेव्हा जुगार वाईट की चांगला, यावर मी आज बोलणार नाही. मला वाटतं ते व्याख्यानाच्या ओघात कळेलच.

हा विषय इथेच का, हे आधी सांगतो. हिंजवडी, माण, मारुंजीपासून ते भूगाव, पिरंगुट, घोटावड्यापर्यंत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जमिनीचे पैसे झाले. आता रिंगरोडच्या भूसंपादनाचे पैसे आले. जमिनीच्या बदल्यात पैसा ही या तालुक्याला नवी गोष्ट नाही. १९२१ ते १९२४ या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. त्या वेळी बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गहाण होत्या आणि त्या सावकारांचा कल भरपाई घेऊन मोकळं होण्याकडे होता. कसणाऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. म्हणजे जमिनीची रोकड झाली की ती नक्की कोणाची, हा प्रश्न तेव्हाही होता. तो लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे येणार आहे.

आज तीच रोकड गाडीत घालून चार मित्र गोव्याला निघतात. गोव्यालाच का? १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोसंबंधी एक कायदा मंजूर केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. गंमत म्हणजे गोव्याचा जुगारविषयक कायदाही १९७६ चाच. पण तिथे १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली आणि पुढे १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना. म्हणून पणजीला मांडवीत ती दिव्यांची जहाजं उभी आहेत. आपल्याकडे मात्र १८८७ चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे. त्यामुळे फार्महाऊसवर 'आपलाच कॅसिनो' म्हणून पत्त्यांचा डाव लावतात, त्याला कॅसिनो म्हणू नका, तो अड्डा आहे. तिथे धाड पडली तर टेबलावरची रोकड मुद्देमाल म्हणून जमा होते. धाड नाही पडली तर जिंकलेला माणूस अंधारात एकटा गाडीपर्यंत जातो आणि त्याच्या खिशात किती आहेत हे डावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. रोकडीच्या दृष्टीने याहून धोक्याची जागा नाही.

आता मुख्य मुद्दा. ताबा आणि मालकी यांतला फरक मुळशीकरांना मी काय शिकवणार? जमिनीवर कोणीतरी नांगर घातला, कुंपण टाकलं, तरी तेवढ्याने ती त्याची होत नाही. सातबारा आहे, फेरफार आहे, खरेदीखत आहे. वीस वर्षं कोर्टात जातील, पण मालक उभा राहून म्हणू शकतो की ही माझी. रोकडीला यातलं काहीच नाही. पाचशेच्या नोटेवर तुमचं नाव नसतं. नोट ज्याच्या हातात, त्याची.

यावर एक जुना खटला आहे, १७५८ चा, इंग्लंडमधला. मिलर विरुद्ध रेस. टपालाच्या गाडीवर दरोडा पडला आणि बँक ऑफ इंग्लंडची एक नोट चोरीला गेली. ती फिरत फिरत मिलर नावाच्या खानावळवाल्याकडे आली. त्याने ती सरळ व्यवहारात, चोरीची आहे हे माहीत नसताना घेतली होती. तो बँकेत वटवायला गेला, तर बँकेतल्या रेस नावाच्या कारकुनाने नोट अडवली, कारण मूळ मालकाने पैसे देऊ नका असं कळवलं होतं. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल मिलरच्या बाजूने दिला. त्यांचं म्हणणं असं, की नोट म्हणजे पैसाच. ती प्रामाणिकपणे घेतलेल्या माणसाकडूनही परत काढून घेता येते असं ठरलं, तर बाजारात कोणी कोणाकडून पैसेच घेणार नाही. पैसा चालतो तो त्याला मालकाचं नाव नसतं म्हणून, आणि हरवला की परत मिळत नाही तोही त्याच कारणाने. जॉर्ज सिमेल या जर्मन विचारवंताने १९०० साली पैशाच्या तत्त्वज्ञानावर मोठा ग्रंथ लिहिला. पैशाचा हा बिनचेहऱ्याचा स्वभाव त्याने फार बारकाईने पाहिला आहे.

मग रोकडीला सुरक्षितता येते कुठून? रोकडीच्या बाहेरून. बँकेतून पैसे काढल्याची पावती, गड्डीवरची बँकेची शिक्क्याची पट्टी, खात्यावरची नोंद. हाच तुमचा कच्चा सातबारा. गाडीची काच फोडून बॅग गेली, तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात, तर पहिला प्रश्न येतो, किती होते आणि कुठून आणले? उत्तर असेल तर तक्रार उभी राहते. चोर सापडला, पैसे सापडले, तरी ते कोर्टातून सोडवताना पुन्हा तेच विचारतात.

आणि इथेच आपल्या भागातली अडचण आहे. पैसे दोन नंबरचे असले तर माणूस ठाण्याची पायरीच चढत नाही. हे चोरालाही माहीत असतं. किंबहुना ज्याला माहीत आहे तोच पाळत ठेवतो. ज्या पैशाबद्दल तुम्ही मोठ्याने बोलू शकत नाही, त्याच्या बाजूने दुसरं कोणीही बोलू शकत नाही. तुम्ही बॅग छातीशी धरा नाहीतर सीटखाली ठेवा.

व्यवहाराचं थोडं सांगतो. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम, मग ती विसार असो की पुढची, रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. दोन्ही बाजूंचं उत्पन्न निव्वळ शेतीचंच असेल तर सवलत आहे, पण घेणारा बिल्डर असेल तर ती कुठली मिळायला? शिवाय १ एप्रिल २०१७ पासून एका दिवसात एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर दंड तेवढ्याच रकमेचा, आणि तो घेणाऱ्याला. देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला! उलट शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या पलीकडची ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावरचा कर मुळातच लागत नाही. म्हणजे आतल्या गावच्या शेतकऱ्याला काळ्या पैशाची गरजच नसते. गरज समोरच्याची, आणि धोका मात्र शेतकऱ्याच्या पिशवीत. मला याचा राग येतो, म्हणून जरा आवाज चढला.

कॅसिनोतही हाच नियम लक्षात ठेवायचा. जहाजावर रोख देऊन तुम्ही चिप्स घेता. ती प्लास्टिकची चकती म्हणजे त्या एका खिडकीवर चालणारा पैसा. जेट्टीवर उतरलात की तिला किंमत नाही. तेव्हा निघण्याआधी खिडकीवर जाऊन हिशेब पुरा करा. जिंकलेली रक्कम मोठी असेल तर ती थेट बँक खात्यात मागा. दोन लाखांच्या वर रोख हातात घेतलीत तर घेणारे तुम्ही. आणि कॅसिनो काही अंधारातली जागा नाही. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली त्यांना ग्राहकाची ओळख ठेवावी लागते आणि दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावी लागते. 'तिथे कोण विचारतंय' हा समज सोडून द्या.

प्रवासाचं सांगायला फारसं नाही, कारण बहुतेक चोऱ्या हुशारीने होत नाहीत, आपल्या बडबडीने होतात. टपरीवर सांगू नका, स्टेटसला गड्डीचा फोटो टाकू नका. ड्रायव्हर भाड्याचा असेल तर त्याच्यासमोर आकडे बोलू नका. ढाब्यावर सगळे एकदम उतरून गाडी सोडू नका. स्लीपर बसमध्ये बॅग खालच्या डिकीत देऊ नका. पणजीला पोचल्यावर त्या रात्रीची रक्कम तेवढी बरोबर घ्या, बाकी हॉटेलच्या तिजोरीत, पावती घेऊन. जेट्टीवर 'फोनवरून पैसे टाका, मी रोख देतो, थोडं कमिशन' म्हणणारे भेटले तर वाटेला जाऊ नका. आणि पहाटे चारला, जागरण आणि दारू अंगात असताना, पैसे जिंकले म्हणून लगेच चोर्ला घाटाकडे गाडी काढू नका. त्या वेळी पैशापेक्षा जीव जायची शक्यता जास्त.

निवडणुकीची आचारसंहिता असेल तर आणखी एक. नाक्यांवर भरारी पथकं आणि स्थिर सर्वेक्षण पथकं असतात. पन्नास हजारांहून जास्त रोख असेल आणि कागद नसेल तर ती जप्त होऊ शकते. दहा लाखांवर गेली तर आयकर खात्याला कळवतात. जप्त झालेली रक्कम सोडवण्यासाठी जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते, पण तिथेही हातात कागद लागतोच. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, कुठली ना कुठली निवडणूक असतेच, आणि बेळगावकडून गेलात तर तिन्ही राज्यं लागतात.

आता टेबलावरची सुरक्षितता. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. खिसेकापू एकदा कापतो. रूलेटचं चाक दर फेरीला थोडं थोडं कापतं. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं. लाल-काळ्यावर लावलंत तर तुमच्या बाजूची १८. सरासरीने प्रत्येक शंभरामागे दोन रुपये सत्तर पैसे कॅसिनोचे. दोन शून्यांच्या चाकावर सव्वापाच रुपये. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फेरीला दोन हजार लावले आणि तासाला चाळीस फेऱ्या झाल्या, तर तासाला ऐंशी हजार फिरले. सहा तासांत चार लाख ऐंशी हजार. त्यातले सरासरीने तेरा हजार गेले, आणि दोन शून्यांचं चाक असेल तर पंचवीस हजार. खिशात कदाचित एक लाखच होते, पण चाकावरून फिरले जवळजवळ पाच लाख! ही सरासरी झाली. एखाद्याचे सगळेच जातात.

पास्कल आणि फर्मा या दोघांनी १६५४ मध्ये पत्रांतून अर्धवट राहिलेल्या डावाचे पैसे कसे वाटावेत याचा विचार केला. त्यातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. १६५७ मध्ये हॉयगन्सने त्यावर पुस्तिका लिहिली आणि शेवटी एक कोडं दिलं, दोघांपैकी एकजण पुरता कफल्लक होईपर्यंत खेळ चालला तर काय? उत्तरातून निघणारी गोष्ट साधी आहे. पैसा कमी असलेला आधी संपतो. जहाजापुढे आपण सगळेच कमी पैशाचे. म्हणून 'जास्त पैसे नेले म्हणजे टिकाव धरता येईल' हे उलटं आहे. जास्त नेलेत तर जास्त वेळ कापले जाल. घरून निघतानाच ठरवा की हे दहा हजार जेवणाखाण्यासारखे खर्च झाले. एटीएम कार्ड दुसऱ्याकडे द्या किंवा खोलीवर ठेवा. मित्राकडून टेबलावर हातउसने घेऊ नका. पैजेचा करार भारतात १८७२ च्या करार कायद्याने कोर्टात टिकत नाही. आपल्याकडे तर मुंबई प्रांताच्या १८६५ च्या कायद्यामुळे पैजेसाठी दिलेलं कर्जही वसूल करता येत नाही. कोर्टात वसुली नाही म्हणजे ती दुसऱ्या मार्गाने होते, एवढंच सांगतो.

आता तो सुरुवातीचा प्रश्न, पैसा कोणाचा? द्यूतसभेत द्रौपदी न्याय मागते तेव्हा आधी एक अचूक कायदेशीर प्रश्न विचारते. युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावलं की मला? तो स्वतः आधी हरला असेल, तर दुसऱ्या कोणाला पणाला लावायचा त्याचा हक्क संपला होता. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे. कौरवांपैकी एक विकर्ण तेवढा तिच्या बाजूने बोलतो. सभेला नीट उत्तर देता येत नाही. मी हे वर्गात किती वर्षं शिकवलं, पण त्याची धार मला कळली ती जमिनीच्या पैशांकडे पाहताना.

२००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने समान वाटेकरी आहेत. किती घरांत बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, 'दादा बघेल' म्हणून? किती घरांत पैसे भावाच्या खात्यावर आले आणि आईला आकडासुद्धा सांगितला नाही? मग दादाच्या कमरेच्या पट्ट्यात जी गड्डी आहे तिचा ताबा त्याचा. मालकी? कागदावर बहिणीची सही असेल, कोर्टात ती हरेलही. पण आत्ता इथे मागच्या ओळीत बसलेल्या बायकांना विचारा, की तुमच्यातल्या कोणाला विचारून पैसे पणजीला गेले? रोकड घरातून बाहेर पडताना घरातल्या आणखी एका माणसाला आकडा माहीत असणं, हाच माझ्या मते सगळ्यात भक्कम पहारा आहे. चोराला कळू देऊ नका, बायकोला कळू द्या. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, टपरीला माहीत असतं आणि घराला नसतं.

वेळ झाली. चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे, तो वाचतो. 'एका रात्री दोन लाख जिंकले, दुसऱ्या रात्री दोन लाख हरलो, तर कर कशावर?' चांगला प्रश्न आहे. जिंकलेल्या दोन लाखांवर. दर सरळ तीस टक्के, वर उपकर. हरलेले त्यातून वजा होत नाहीत. म्हणजे हातात शून्य आणि कर साठ हजारांच्या वर.