मातीच्या भांड्यातील मोकेका आणि उतारवयातील जेवण

दात गेले की वृद्धांच्या ताटातून प्रथम मासे-मांस जाते, मग डाळ पातळ होते आणि अखेरीस चहा-बिस्किटांवर दिवस निघतो. घरच्यांना ते 'पथ्य' वाटते. प्रत्यक्षात ती उपासमार असते. साठ किलो वजनाच्या वृद्धाला दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिने हवीत (मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे). म्हणूनच आज आपले लक्ष एका दूरदेशीच्या खाणावळीकडे वेधतो.

ब्राझीलमधील एस्पिरितो सांतो राज्याची राजधानी व्हितोरिया. तेथे खाडीकाठी इल्या दास कायेरास ही कोळ्यांची वस्ती आहे. तिच्यातील साध्या खाणावळींत घरातील लहानथोर एका मेजाभोवती बसून 'मोकेका' खातात. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि मासा थरांनी रचायचा, वर शेंदरीच्या बियांनी रंगवलेले तेल घालायचे. पाणी घालायचे नाही, ढवळायचे नाही. मासा अंगच्या रसातच शिजतो आणि बोटाने दाबला तरी सुटतो. भांडे काळ्या मातीचे, जवळच्या गोयाबेरास भागातील स्त्रियांनी हाताने घडवून खारफुटीच्या सालीच्या रसाने रंगवलेले. त्यांच्या या कौशल्याला 2002 मध्ये ब्राझीलने राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवले.

उत्तरेकडील बाहिया प्रांतातील मोकेका वेगळी. तीत नारळाचे दूध आणि 'देंदे' हे तांबडे पामतेल असते. नारळ पोर्तुगीजांनी तिकडे नेला आणि मिरची, काजू गोव्यात आणले. त्यामुळे ती चव कोकणी माणसाला परकी वाटणार नाही. मात्र देंदेतील जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते, त्यात नारळाच्या दुधाची भर. हृदयविकार असलेल्यांनी आणि पोट नाजूक असलेल्यांनी व्हितोरियाची मोकेका निवडावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता मिठाचे. 2015 मध्ये एस्पिरितो सांतोने उपाहारगृहांच्या मेजांवरून मीठदाण्या हटवणारा कायदाही केला होता. हेतू उत्तम, परंतु मासा आधीच मीठ-लिंबात मुरवलेला असतो, त्याला मीठदाणीचा कायदा काय करणार? दिवसाचे सगळे मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत राहावे. रक्तदाबाच्या रुग्णाने मागणी नोंदवतानाच 'पोको साउ', म्हणजे कमी मीठ, असे सांगावे.

काट्यांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. कवळीने टाळू झाकली जाते आणि काटा जिभेला लागण्याआधीच घशात उतरतो. म्हणून 'सें एस्पिन्या', बिनकाट्याचा, मासा मागावा. अशा वेळी पुष्कळदा 'कासांव' सुचवतात. तो म्हणजे शार्क, आपल्याकडील मोरीचा भाऊबंद. त्यात काटे नसतात हे खरे. पण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. कधीतरी खाण्यास वृद्धांना हरकत नाही, घरातील गर्भवतीने आणि लहान मुलांनी मात्र टाळावा. संधिवाताचा गाउट हा प्रकार असेल तर कोळंबीची मोकेका नको.

या जेवणातील मला सर्वांत आवडलेला पदार्थ मात्र मोकेका नव्हे, तर तिच्यासोबत येणारा 'पिरांव'. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याचेच पीठ माशाच्या डोक्याच्या रश्शात घोटून केलेली ही दाट पेज. अर्धांगवायूनंतर किंवा कंपवातात ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना पातळ रस्सा आणि भाताची शिते एकत्र गिळणे अवघड जाते; एकजीव दाट पदार्थ पुष्कळदा सोपा पडतो. किती दाट हवा, हे मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. मधुमेहींनी भात किंवा पिरांव यांपैकी एकच घ्यावे, दोन्ही पिष्टमयच.

भांडे मेजावर आल्यावरही काही मिनिटे रटरटत राहते. मधुमेहाने बोटे बधिर झालेल्यांना चटका कळत नाही, तेव्हा ते शुश्रूषा करणाऱ्याच्या बाजूला ठेवावे आणि वाढून द्यावे. एक मोकेका बहुधा दोघांना पुरते. उरलेली बांधून घेतलीत तर दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळूनच ताटात घ्यावी.