वारसा जनुकांचा, काळजी कोलेस्टेरॉलची

घर, शेती, ठेवी यांप्रमाणेच आई-वडिलांकडून आपल्याला आणखी एक वारसा लाभतो. तो म्हणजे जनुकांचा. त्यास नामनिर्देशन लागत नाही आणि तो नाकारताही येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात या वारशातील 'एपीओई' हे जनुक विशेष महत्त्वाचे ठरले आहे.

एकोणिसाव्या गुणसूत्रावरील या जनुकापासून बनणारे प्रथिन रक्तात व मेंदूत कोलेस्टेरॉल वाहून नेते. त्याचे ई-२, ई-३ व ई-४ असे तीन प्रमुख प्रकार आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी ई-४ व अल्झायमर यांचा संबंध दाखवून दिला. पाश्चात्त्य अभ्यासांनुसार ई-४ची एक प्रत असल्यास धोका साधारण तिप्पट, तर दोन प्रती असल्यास आठ ते बारा पट वाढतो. ई-४ असणाऱ्यांच्या रक्तात घातक समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉलही सरासरीने अधिक असते.

मग दोष जनुकाचा की कोलेस्टेरॉलचा? मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो; रक्तातील कोलेस्टेरॉल त्यात सहसा शिरत नाही. त्यामुळे हे कोडे सहज सुटणारे नव्हते. २०२५ मध्ये डेन्मार्क व ब्रिटनमधील संशोधकांनी दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीच्या आधारे कोलेस्टेरॉल कमी ठेवणारी अन्य जनुके तपासली. असा वारसा लाभलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. अर्थात, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

तरीही यात दिलासा आहे. ई-४ म्हणजे अटळ भवितव्य नव्हे. ते असूनही अनेकांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहते. जनुक बदलता येत नाही, कोलेस्टेरॉल मात्र आटोक्यात ठेवता येते. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये मध्यम वयातील वाढलेल्या एलडीएलचा समावेश स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत केला. म्हणून चाळिशीनंतर रक्ततपासणी, मिताहार, नियमित चालणे आणि वैद्यकीय सल्ला यांत हयगय नको.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांना या विकाराची चाहूल कधी कधी काउंटरवरच लागते. सही जुळेनाशी होते, काढलेली रक्कम आठवत नाही. अशा वेळी ज्येष्ठ खातेदारास घाई न करता धीराने साहाय्य करावे. ग्राहकांनीही नामनिर्देशन व संयुक्त खात्याची व्यवस्था स्मृती तल्लख असतानाच करून ठेवावी. आयुष्यभराची पुंजी सांभाळताना तिची आठवण ठेवणारा मेंदूही सांभाळावयास हवा.